ती युनियन आणि ते युनियन

मी हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात रिपोर्ट टाइप करते. पंधरा वर्षं झाली. मोठ्या मॅडम अंधाऱ्या खोलीत फिल्म बघत यंत्रात बोलतात आणि मी ते कानाला लावून टाइप करत जाते. मॅडमचा आवाज एकसुरी आहे, माझी बोटंही आता तशीच झाली आहेत. कोणाची बरगडी, कोणाचं मनगट, कोणाचा मणका. टाइप करायचं, वाचायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. वाचलं की डबा तसाच घरी न्यावा लागतो.

आमच्याकडे दिवसातून वीसदा येणारा शब्द म्हणजे युनियन. मोडलेल्या हाडाच्या दोन टोकांनी एकमेकांना धरलं की युनियन झालं. वेळ लागला तर डिलेड युनियन. वाकडं धरलं तर मालयुनियन. धरलंच नाही तर नॉन-युनियन. एवढ्या चार शब्दांत जगातली सगळी मोडकी हाडं मावतात.

त्या बुधवारी अकराच्या सुमाराला मी टाइप केलं: उजवा दंड, मधला भाग, सात महिन्यांचं जुनं फ्रॅक्चर, टोकं गुळगुळीत, नॉन-युनियन. मग पाकिटावरचं नाव बघितलं, कारण नाव शेवटी टाकायची माझी सवय आहे. नाव बाबांचं होतं. मी नाव टाकलं, वय बहात्तर टाकलं आणि पुढचं पाकीट उघडलं. एका बाईचा घोटा होता. तो संपवला आणि चहाला गेले. चहा पिताना मी वाट बघत होते, की आता काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. आई गेल्यापासून हे असंच चाललंय असं मी लोकांना सांगते. खरं तर ते त्याच्या खूप आधीपासून चाललंय.

बाबा बाटल्यांच्या कारखान्यात होते. औषधाच्या बाटल्या, शाईच्या बाटल्या, सरबताच्या बाटल्या. पण त्यांना विचारा, ते सांगतील की मी युनियनमध्ये होतो आणि मधूनमधून बाटल्याही काढायचो. अठरा वर्षं सेक्रेटरी. इंग्रजीशी त्यांचं कधी जमलं नाही, पण हा एक शब्द मात्र त्यांनी मुळासकट उपटून घरी आणला होता. नव्या सभासदांना ते पहिला प्रश्न हाच विचारायचे, युनियन म्हणजे काय? कोणी म्हणायचं संघटना, कोणी म्हणायचं संप. बाबा मान हलवायचे. "एकानं दुसऱ्याला धरून ठेवणं," म्हणायचे, "बाकी सगळं त्यानंतर."

संध्याकाळी घरी आल्यावर मी चप्पल काढता काढताच सांगितलं, "बाबा, रिपोर्ट आला. युनियन झालं नाही."

"झाली नाही," बाबा म्हणाले.

"तेच सांगतेय."

"तू 'झालं नाही' म्हणालीस. युनियन ती असते. ते युनियन कुठून काढलंत?"

"हाडाचं ते असतं. आमच्याकडे सगळे डॉक्टर तसंच म्हणतात."

"त्यांच्यापैकी किती जण युनियनमध्ये आहेत?"

मी त्यांना चारही प्रकार समजावून सांगितले. डिलेड युनियन ऐकून ते म्हणाले, "उशिरा येणारी युनियन. ओळखतो, मागच्या बाजूच्या कागद कारखान्यात होती." मालयुनियन त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. "मालक-युनियन! ती तर आमच्याकडेच होती. मॅनेजरच्या खोलीत जन्मली, तिथेच मेली." सात महिन्यांत पहिल्यांदा ते खरोखर हसले. मग त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. खांद्यापासून थोडा वर गेला आणि दंड मधेच वाकला, जिथे माणसाला सांधाच नसतो तिथे. पंजा खाली लोंबला.

"पण दुखत नाही बघ," ते म्हणाले. "अजिबात नाही. मग बिघडलं कुठे?"

हात मोडला तो आई गेल्यावर तीन आठवड्यांनी. आईचा एकही चांगला फोटो घरात नव्हता. एका मोर्चाच्या फोटोत ती दुसऱ्या रांगेत आहे असं बाबांना आठवलं, आणि तो फोटो माळ्यावरच्या युनियनच्या पत्र्याच्या पेटीत होता. मी कामावर गेले होते. बाबा स्टुलावर चढले, पेटी ओढली आणि पेटीसकट खाली आले. फोटो सापडला. त्यात आईचा अर्धा चेहरा कोणाच्यातरी झेंड्यामागे गेलेला आहे.

हाडांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे. त्यांचेही रिपोर्ट मीच टाइप करते. शुक्रवारी बाबांना घेऊन गेले. खोलीत शिरायच्या आधीच गाडं अडलं. नर्सनं फाइल आणून ठेवली, तिच्यावर मोठ्या अक्षरात बाबांचं नाव आणि नावापुढे लाल शाईत 'नॉन-युनियन'.

"हे माझ्या नावापुढे कोणी लिहिलं?" बाबा उभे राहिले.

"काका, ते तुमच्या हाताचं..."

"हाताचं असेल तर हातापुढे लिहा. नाव माझं आहे. अठरा वर्षं सेक्रेटरी होतो मी, आणि तुम्ही मला खुशाल नॉन-युनियन करून टाकता?"

नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, की खोड बाई. तिनं खोडलं. बाबांनी डाव्या हातात पेन घेऊन खोडल्याशेजारी कशीबशी सही केली, कारण खाडाखोड झाली की सही हवी. मग आत गेले.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. "काका, दुखत नाही म्हणता ना? तीच तर पंचाईत आहे. हाड जुळायचं असेल तर दोन्ही टोकं कच्ची लागतात, रक्त लागतं. तुमची टोकं गुळगुळीत झाली आहेत. शरीराला वाटतंय काम संपलं. त्यानं फाइल बंद केली."

"मग?"

"मग आपण उघडायची. दोन्ही टोकं रक्त येईपर्यंत खरवडायची, कमरेचं थोडं हाड मधे भरायचं, स्टीलची पट्टी लावून आवळायचं. पुढच्या गुरुवारी करू. नाहीतर हा हात असाच. लिहिणं नाही, गुंडी नाही, काही नाही."

एक अडचण होती, रक्ताची. बाबांचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एक बाटली होती आणि डॉक्टर म्हणाले, या वयात मी दोन बाटल्यांशिवाय हात लावणार नाही, दुसरी तुम्ही आणा. माझा गट पॉझिटिव्ह. शिवाय लहानपणच्या आजारानं माझ्या हृदयाची एक झडप अधू आहे, त्यामुळे रक्तपेढीवाले मला दारातूनच परत पाठवतात.

"युनियनमध्ये बघतो," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "संपर्कात उरलेले सगळे पासष्टच्या पुढचे. त्यांचं रक्त घेत नाहीत." तीनशे चाळीस जणांची युनियन, आणि तिच्यात आता एक बाटली रक्त नव्हतं. हॉस्पिटलात मी विचारलं, शेजारी विचारलं. ज्यांचा गट जुळला नाही ते सुटले, आणि ज्या एका शेजाऱ्याचा जुळत होता त्यानं सरळ हात वर केले.

आमच्या घरात आणखी एकाचा गट ओ निगेटिव्ह आहे. दादाचा.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, चाळीस मिनिटांवर राहतो, महिन्यातून एकदा माझ्या कॅन्टीनमध्ये येऊन माझ्यासमोर बसतो आणि बाबांच्या तब्येतीची चौकशी करून जातो. बावीस वर्षांत तो आमच्या घरात फक्त एकदा आला, आई गेली त्या दिवशी. बाबा खिडकीपाशी होते, तो दारापाशी. दोघांच्या मधे आई. मी दोघांना पाणी दिलं.

बाबा त्याचं नाव घेत नाहीत. 'तो' म्हणतात. बाटल्यांच्या कारखान्यात बावीस वर्षांपूर्वी मोठा संप झाला. भट्टी चाळिसाव्या दिवशी थंड पडली. काचेची भट्टी थंड पडणं म्हणजे कारखान्याचा श्वास बंद होणं. दादाला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एकाहत्तराव्या दिवशी सकाळी एकोणीस जण फाटकातून आत कामावर गेले, त्यांत तो होता. दोन दिवसांनी फाटकावर सभा झाली. बाबांनी स्वतः ठराव मांडला, की या एकोणीस फुटीरांशी एकही सभासद बोलणार नाही, त्यांच्याबरोबर बसणार नाही, त्यांच्या हातचं घेणार नाही. मग यादी वाचली. दादाचं नाव चौदावं होतं. लोक सांगतात, आवाज जरासुद्धा हलला नाही. संप पुढे फसलाच, कारखाना चार वर्षांनी बंद पडला, आता तिथे गाड्यांचं वाहनतळ आहे. ठराव मात्र चालू आहे.

शनिवारी दादा कॅन्टीनमध्ये आला. मी सांगितल्यावर म्हणाला, "मी देतो. बाबांना सांगू नकोस. बाटलीवर नाव नसतं."

"ते विचारतील."

"खोटं बोल."

"अजून एक?"

तो बशीत सांडलेला चहा परत कपात ओतत राहिला. त्याला माहीत होतं मी कशाबद्दल बोलतेय.

संपाच्या वेळी मी पंधरा वर्षांची होते. सांधे सुजले, ताप उतरेना, आणि तो ताप हृदयात उतरला. उपचार मोठ्या हॉस्पिटलात कारखान्याच्या कार्डावर होत होते, आणि संपाच्या पन्नासाव्या दिवशी मालकानं सगळ्यांची कार्डं बंद केली. वॉर्डातून मला घरी पाठवून दिलं. वीस दिवस आईनं माझ्या छातीवर हात ठेवून काढले. घरातला एक माणूस कामावर हजर झाला असता तर सगळ्या घराचं कार्ड चालू झालं असतं. घरात कामगार दोनच. आईनं दादाला स्वयंपाकघरात बोलावलं. मी पलीकडच्या खोलीत पडले होते, मधे फक्त पडदा होता. आई म्हणाली, "तुझे बाबा आत गेले तर युनियन गेली. तू गेलास तर फक्त तू जाशील."

दादा म्हणाला, "बरं."

एवढंच. त्या घरात ते संभाषण याहून लांबलं नाही. मग आई माझ्याकडे आली, तिला कळलं की मी जागी आहे. तिनं माझ्याकडून वचन घेतलं, की बाबांना कधी सांगायचं नाही. सांगितलं तर हा माणूस स्वतःला माफ करणार नाही, किंवा संप तरी मोडेल. बाबांना तिनं सांगितलं की मामाच्या ओळखीनं धर्मादाय खाट मिळाली. फाटकावर बसलेल्या माणसाला कागद बघायला सवड नव्हती. ते एकदा येऊन माझ्या पायाशी उभे राहिले, माझं पांघरूण नीट केलं आणि परत फाटकावर गेले.

मला दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन मिळायला लागलं आणि मी वाचले. पहिलं इंजेक्शन घेतलं तेव्हा मी ओरडले. नंतर ओरडणं सोडलं. कोणाच्या जिवावर हे चाललंय ते मला माहीत होतं, आणि ते माहीत असताना ओरडायचा हक्क आपल्याला नाही असं मला वाटायचं. तेव्हापासून जी सवय लागली ती लागली. घरात सगळे म्हणतात, पोरगी फार शांत. शांत कसली डोंबलाची? घाबरलेली होते मी, आणि आजही आहे.

रविवारी, सोमवारी मी हेच घोळवत राहिले. न सांगता रक्त घेतलं असतं तर हात वाचला असता. पण बाबांनी "कोणाचं?" असं विचारलंच असतं, आणि दादाचं आहे कळल्यावर सुईसुद्धा उपटून काढली असती. ते बोलून दाखवतात त्यातलं काहीच नुसतं बोलणं नसतं.

मंगळवारी सकाळी मी त्यांना शर्ट घालत होते. रोज मीच घालते. आधी मोडका हात बाहीत, मग धड हात, मग गुंड्या खालून वर.

"रक्त मिळालं का?" त्यांनी विचारलं.

"दादा देतोय."

"त्याचं नको. ठराव आहे. ठराव असताना मी त्याचं रक्त घेतलं तर फुटीर मीच. हात राहू दे असा."

मी तिसऱ्या गुंडीवर होते. तिथेच सगळं सांगितलं. पडदा, स्वयंपाकघर, कार्ड, आईचं वाक्य, सगळं. माझा आवाज मोठ्या मॅडमसारखा निघत होता, एकसुरी. बाबा माझ्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर तो मोर्चाचा फोटो आहे.

मग म्हणाले, "कार्ड कितव्या दिवशी चालू झालं?"

"बहात्तराव्या."

"यादी मी त्र्याहत्तराव्या दिवशी वाचली." त्यांनी डाव्या हाताच्या बोटांवर दिवस मोजले. "म्हणजे मी यादी वाचत होतो तेव्हा तुला औषध चालू झालेलं होतं."

"हो."

"वरची गुंडी राहिली," ते म्हणाले.

मी ती लावली. मला वाटलं होतं ते चिडतील, रडतील, आईला काहीतरी बोलतील. त्यांनी दोन्ही डोळे एकदा घट्ट मिटले आणि उघडले. मग सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, "पेटीतलं इतिवृत्ताचं रजिस्टर काढ. उद्या सकाळी दहा वाजता सभा. फोन लाव सगळ्यांना."

"कशाची सभा? युनियनची नोंदणी रद्द होऊन कितीतरी वर्षं झाली, बाबा."

"नोंदणी सरकारनं रद्द केली. ठराव आम्ही केलेला आहे, तो आम्हालाच मागे घ्यावा लागेल. आणि त्याला पण बोलव. ज्याच्यावर ठराव असतो त्याला हजर राहायचा हक्क असतो. तेव्हा दिला नव्हता."

बुधवारी मी रजा टाकली. सगळे म्हणजे तीन जण आले, उरलेल्यांपैकी चालू शकणारे तेवढेच. खजिनदार काठी टेकत आले. बॉयलरवाले काका आले. त्यांना ऐकू येत नाही, ते ओठ वाचतात. आणि भोंगा आला. घोषणा द्यायला माइक लागायचा नाही म्हणून त्याला भोंगा म्हणत. आता दोन जिने चढून त्याचा आवाजच बसला होता. तिघांना मी पलंगावर बसवलं. बाबा खुर्चीत. दादा आला आणि दारातच उभा राहिला, कामाची पिशवी हातात, जणू लिफ्ट बिघडल्याचा निरोप मिळालाय. त्याच्या देखत बाबा मला म्हणाले, "त्याला सांग, बसायला हरकत नाही. उभं राहायचं असेल तर तेही चालेल." मी सांगितलं. तो उभाच राहिला.

"कोरम?" खजिनदारांनी विचारलं. "एक तृतीयांश लागतात."

"मेलेले वजा करा," बाबा म्हणाले.

खजिनदारांनी मनात हिशेब केला आणि हरकत मागे घेतली.

मी जुना ठराव वाचला. मग बाबा बोलले. उभे राहून, तीनशे माणसांसमोर बोलावं तसे. आईचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, आपल्या बाजूनं एक शब्द घातला नाही. शेवटी म्हणाले, "म्हणून चौदाव्या नावावरचा ठराव मागे घ्यावा, अशी माझी सूचना आहे."

बॉयलरवाल्या काकांनी मान हलवली. भोंगा मात्र हलला नाही.

"चौदाव्याच का?" त्यानं विचारलं. आवाज घोगरा, पण खोली भरली. "बाकीचे अठरा? त्यांना आया नव्हत्या? सातवं नाव माझ्या मेहुण्याचं होतं. माझी बायको भावाशी बोलायची थांबली, ती मरेपर्यंत बोलली नाही. त्याच्या घरी काय झालं होतं ते तू विचारलंस? आज तुला रक्त पाहिजे म्हणून सभा बोलावलीस."

हे इतकं खरं होतं की मी खाली बघायला लागले. दादानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, संपलं. बाबा आता रजिस्टर मिटतील आणि हात तसाच लोंबत ठेवतील, कारण वादात त्यांना कोणी हरवलं की ते सभा तहकूब करतात, हे घरात आम्ही आयुष्यभर पाहिलंय.

बाबा खाली बसले. "नाही विचारलं," ते म्हणाले. "एकालाही विचारलं नाही, की बाबा रे, का गेलास? एकानं दुसऱ्याला धरून ठेवायचं, हे मी शिकवायचो. आणि एकोणीस जण सुटले तेव्हा मी फक्त यादी केली. विचारायला जाणं हे सेक्रेटरीचं काम होतं. माझं चुकलं, हे लिहून घे," असं मला म्हणाले. मी लिहिलं. "सूचनेत दुरुस्ती. एकोणीसही नावांवरचा ठराव मागे घ्यावा. जे हयात आहेत त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन सांगेन. जे नाहीत त्यांच्याही घरी जाईन."

"अनुमोदन," भोंगा म्हणाला आणि नाक पुसायला लागला.

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत," बाबा म्हणाले.

खजिनदारांचा हात वर गेला. भोंग्याचा गेला. बॉयलरवाल्या काकांना ऐकू आलं नव्हतं, पण सगळ्यांचे बघून त्यांनीही केला. आणि बाबांनी, पन्नास वर्षांच्या सवयीनं, उजवा हात उचलला. थोडा वर गेला आणि मधेच वाकला. पंजा खाली लोंबला. त्यांनी पुन्हा जोर केला, पुन्हा तेच. डावा हात धड होता, तो मांडीवर होता, पण तो त्यांना आठवलाच नाही. तीन म्हातारे हात वर धरून बसले होते आणि सूचक स्वतःच्याच ठरावाला मत देऊ शकत नव्हता.

दादानं पिशवी खाली ठेवली. तीन पावलांत तो खुर्चीपाशी आला. एक हात कोपराखाली, एक हात दंडाच्या मोडक्या जागेवर. त्यानं तो हात सरळ केला आणि वर धरला.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. कपाळावर घाम आला. सात महिने ज्या हातानं कुरकुर केली नव्हती त्या हाताच्या कळेनं ते कळवळले.

"दुखतंय रे," बाबा म्हणाले. बावीस वर्षांनी त्याच्याशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द.

"सोडू का?" दादानं विचारलं.

"नको. धरून ठेव. मोजणी व्हायची आहे अजून."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण इतिवृत्त मी लिहीत होते आणि मोजायचं मलाच होतं. मी पेन उचललं. माझ्या गळ्यातून कसलातरी आवाज निघाला. पंधराव्या वर्षी, पहिल्या इंजेक्शनच्या वेळी निघाला होता तसा. हात चारच होते, पण मला काही केल्या ते मोजता येईनात.